फेंगशुई आणि सेन्सर, तिसरी नोंद: लुओपान आणि समोरासमोरची दार-खिडकी

‘ची’, म्हणजे फेंगशुईच्या मते घरातून वाहणारी जीवनऊर्जा, मोजणारा सेन्सर बाजारात नाही. त्यामुळे फेंगशुईच्या ज्या नियमातून काही मोजण्याजोगं निघतं, तेवढेच हातात घेतोय.

आधी लुओपान. फेंगशुईच्या या होकायंत्रावर ३६० अंशांचे २४ भाग असतात, प्रत्येकी १५ अंशांचे, आणि प्रत्येक भागाला ‘पर्वत’ म्हणतात. दार कोणत्या पर्वतात पडतं यावर पुढचं सगळं गणित. हाँगकाँगमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्रावरून दिशा सांगणारा सेन्सर) घेऊन उंबऱ्यापासून भिंतीकडे सरकलो, तर वीसेक अंशांचा फरक! म्हणजे दार तेच, पर्वत दुसरा. हा सगळा काँक्रीटमधल्या सळयांचा प्रताप. सेन्सर हवेत आठच्या आकड्यात फिरवून कॅलिब्रेशन केलं की त्याच्या बोर्डावरच्या लोखंडाचा परिणाम जातो, इमारतीच्या लोखंडाचा नाही. त्यापुढे इथलं चुंबकीय विचलन, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून सुईचं ढळणं, सुमारे ३ अंश पश्चिमेला, किरकोळच. सुईचा हा तिरकेपणा अकराव्या शतकातल्या शेन कुओ या चिनी विद्वानानं लिहून ठेवलाय, लुओपानवर ७.५ अंशांनी सरकवलेली वर्तुळंही असतात. सळयांची सोय मात्र कुणी केलेली नाही. आता दिशा सरळ नकाशावरून घेतो.

वाऱ्याचं प्रकरण जास्त रंगलं. दारासमोर खिडकी असली की ची थेट बाहेर जाते, असं मानतात. गुओ पू या प्राचीन चिनी विद्वानाच्या नावावर असलेल्या ‘दफनग्रंथा’तही वाऱ्यानं ची विखुरते, पाण्याशी थांबते, असंच आहे. ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला कार्बन डायऑक्साइड मोजणारे दोन एससीडी४१ सेन्सर जोडले. वारा मोजायला हॉट-वायर अ‍ॅनिमोमीटर घेतला, कारण वाट्यांचा इतक्या मंद झुळकीत हलतच नाही. दार आणि खिडकी दोन्ही उघडल्यावर कार्बन डायऑक्साइड दहा-पंधरा मिनिटांत १२००वरून ५०० पीपीएमच्या आसपास. नुसत्या खिडकीनं तासभर. मग पारंपरिक उपाय, मध्ये लाकडी पडदा. सोफ्यापाशी वारा निम्म्यावर आला, हवा मात्र जवळजवळ तेवढ्याच वेळात बदलली. उपाय नियमापेक्षा शहाणा निघाला!

माझ्या मते हा नियम उत्तरेकडच्या थंडीत जन्मलेला असावा. बीजिंगच्या सिहेयुआन, म्हणजे चारी बाजूंनी खोल्या आणि मध्ये अंगण असलेल्या घरांत फाटकाशी आडवी भिंत असते, जानेवारीच्या वाऱ्यात ती हवीच. जुलैतल्या इथल्या दमट हवेत आरपार झुळूक मिळाली, तर मी ती सोडणार नाही.

एससीडी४१ वापरणाऱ्यांसाठी: आपोआप होणारं कॅलिब्रेशन बंद ठेवा. आठवड्यातून एकदा तरी ४०० पीपीएमची ताजी हवा मिळतेय असं तो धरून चालतो, आणि बंद खोलीत आकडे हळूहळू घसरतात. मी बाल्कनीत नेऊन हातानं करतो.

पुढची मोजणी हिवाळ्यात, ईशान्येचा कोरडा वारा सुरू झाल्यावर.