तरंगलं तर पीपी

आमच्या स्टोअरच्या दारात एक निळी बादली असते, पाण्याने अर्धी भरलेली. नवा माणूस आला की वर बघतो आणि विचारतो, "गळतंय का कुठं?" गोव्यातल्या कुंडईच्या जुलैत हा प्रश्न रास्तच आहे. पण ती बादली गळतीची नाही. प्लास्टिकचा तुकडा हातात आला आणि कशाचा ते कळेना, की तिच्यात टाकायचा. तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस. आमच्या इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे दाणा वितळवून साच्यात (मोल्डमध्ये) दाबून वस्तू काढण्याच्या कारखान्यात प्लास्टिकचे हे दोनच माल चालतात. डब्यांची झाकणं पीपीची, विजेच्या उपकरणांची कव्हरं एबीएसची.

मी माशेलहून येते, स्टोअर सांभाळते. कचरा हा माझा विषय नव्हता. २०१९ च्या मे महिन्यात सोनसडो, म्हणजे मडगावचा कचऱ्याचा डोंगर, पेटला तेव्हा मडगावची मावशी खिडक्या लावून घरात बसली होती. फोनवर वैतागून म्हणाली, "तुमच्या फॅक्टरीचो कचरो खंय वता गो?" मी म्हटलं, टेम्पोवाला नेतो. तो कुठं नेतो, हे मला सांगता येईना. फोन ठेवल्यावर ते फार लागलं.

पुढच्या शनिवारी टेम्पो थांबवून सगळी पोती ताडपत्रीवर ओतायला लावली. चहाचे कप, लेबलं, स्ट्रेच रॅप, भिजलेली खोकी, हे होतंच. पण ढीग खरा होता तो रनरचा (साच्यात जाताना वाटेत गोठलेल्या काड्या) आणि लम्पचा (मशीन साफ करताना निघालेले गोळे). म्हणजे आम्हीच किलोवर पैसे मोजून आणलेला दाणा, एकदा वितळवून फेकलेला.

रनर दळायला ग्राइंडर होता की! पण रात्रपाळीत दोन्ही माल एकाच पोत्यात पडत. पीपी आणि एबीएस एकमेकांत मुरत नाहीत. मिसळ दळून वापरली तर वस्तूचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि क्लिप पहिल्याच दाबाला तुटते. त्यामुळे मिसळलेलं पोतं थेट टेम्पोत.

साहेबांनी आधी पोस्टर लावली, हिरवी-निळी, झाडाच्या चित्राची. काडीचा फरक पडला नाही. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर काका म्हणाले, "बाय, पहाटे तीनला चित्र कोण बघतो? पोतं जिथं हाताला लागतं, तिथं पडतं." मग प्रत्येक मशीनला लोखंडी कडी ठोकून पोतं अडकवलं. मोल्ड बदलला की पोतं बदलायचं आणि त्याला त्या जॉबचं कार्ड बांधायचं. एवढंच. निळी बादली उरलीसुरली शंका मिटवायला.

लम्पची गोष्ट निराळी. माल बदलताना बॅरल, म्हणजे माल वितळवणारी नळी, साफ करायला जे वितळलेलं प्लास्टिक बाहेर सोडतात, ते थंड होऊन उंड्याएवढा गोळा बनतो. हा गोळा ग्राइंडरच्या तोंडात जात नाही, गेला तर पातं मोडतो. त्यावर तोडगाही काकांचाच. गरम असतानाच पत्र्यावर पातळ पसरू द्यायचं, जाड हातमोजे घालून. पोळी थंड झाली की कापून दळता येते. आता पाळी बदलताना "आज पोळ्या किती?" असंच विचारतात.

दळलेला सगळाच माल परत चालतो असं नाही. एबीएस हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात नीट वाळवलं नाही तर कव्हरावर चंदेरी रेघा उठतात आणि क्वालिटीवाले माझ्यावर डोळे वटारतात. काही ग्राहकांना तर नवाच दाणा हवा असतो; त्यांच्या जॉबचं दळण विकावं लागतं. खोकी मात्र जून लागायच्या आत शेडमध्ये आलीच पाहिजेत. ओल्या पुठ्ठ्याचं वजन भंगारवाला आपल्या मनाने कापतो, आणि त्याच्याशी वाद घालून मी अजून एकदाही जिंकलेली नाही.

मशीनचं जुनं हायड्रॉलिक तेल पूर्वी कोणीही डब्यातून घेऊन जाई. २०१६ च्या नियमांनुसार तो धोकादायक कचरा. नव्वद दिवसांच्या वर साठवायचा नाही, द्यायचा तो परवानाधारकालाच, कागद करून. या कागदांचा मला आधी कंटाळा होता. आता माल कुठं गेला हे निदान फायलीत तरी दिसतं.

ज्याचं काहीच होत नाही असं प्लास्टिक गोव्यातून गासड्या बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायला जातं, हेही मला यातच कळलं. आमची लेबलं आणि चिकटपट्ट्या त्या वाटेची.

राहिला थर्माकोल. कव्हरात बसणाऱ्या काचा त्यातून येतात. आत नुसती हवा. टेम्पो भरतो, काटा हलत नाही. भंगारवाला बघून हसतो. काचवाल्यांना तीन पत्रं लिहिली की तुकडे धड आहेत, परत घ्या, पुन्हा वापरा. उत्तर आलं, वाहतूक परवडत नाही. पण त्यांचा ट्रक आमच्याकडे काचा उतरवून घाटावर रिकामाच परत जातो, हे मी गेटच्या रजिस्टरात दर खेपेला बघते. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, मालकानं सांगितलं तर नेतो. त्याच्याकडून मालकाचा नंबर घेतला. गुरुवारी ट्रक यायचा आहे, सहा गठ्ठे सुतळीने बांधून गेटजवळ ठेवलेत.