गवत कापण्याच्या यंत्राचे ऑइल बदलताना

ढकलत चालवायचे पेट्रोलचे गवत कापण्याचे यंत्र घेतल्यानंतर पहिली दोन वर्षे मी त्यात पेट्रोल भरण्यापलीकडे काहीच केले नाही. एकदा सहज डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची खुणांची पट्टी, काढून पाहिली, तर मधाच्या रंगाचे असायला हवे ते ऑइल डांबरासारखे काळे झाले होते आणि खालच्या खुणेपर्यंतही पोहोचत नव्हते. अशा लहान चार-स्ट्रोक इंजिनांपैकी बहुतेकांत ऑइल फिल्टर नसतो. तळाशी साठलेले ऑइल फिरत्या भागांनी वर उडते आणि त्या शिंतोड्यांवरच वंगणाचे काम चालते, त्यामुळे काजळी आणि धातूचा बारीक कीस त्याच अर्ध्या लिटरभर ऑइलात फिरत राहतो. माहितीपुस्तिकेत दर ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा ऑइल बदलावे असे स्पष्ट लिहिलेले होते. ती मी उघडलीच नव्हती.

सुरुवात ठीक झाली. टाकीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवले, कारण यंत्र आडवे करायचे होते आणि शिवाय गरम झालेले ऑइल पातळ होऊन गाळासह बाहेर येते. मग स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला केली. पाते थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेले असल्याने ते हाताने फिरले तरी इंजिन फिरते आणि सुरू होऊ शकते, म्हणून हे काम सर्वांत आधी करावे लागते.

चूक झाली ती यंत्र कलंडवताना. मला सोयीची वाटली ती बाजू मी खाली केली आणि ती नेमकी एअर फिल्टरची निघाली. ऑइल भरण्याच्या नळीतून बाहेर येण्याआधीच थोडे ऑइल फिल्टरमध्ये आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये शिरले, आणि कागदी फिल्टर भिजून निकामी झाला. एअर फिल्टर नेहमी वरच्या बाजूला राहिला पाहिजे, एवढे एकच वाक्य मी आधी वाचले असते तर नव्या फिल्टरचा खर्च वाचला असता.

दुसरी चूक माझ्या उत्साहाची. एसएई ३० या घट्टपणाचे नवे ऑइल मी अंदाजाने ओतले आणि ते वरच्या खुणेच्या पुढे गेले. नवा फिल्टर बसवून यंत्र सुरू केले, तेव्हा निळसर पांढऱ्या धुराचा एवढा लोट उठला की इंजिन गेले असेच मला वाटले. त्यातला काही धूर कार्ब्युरेटरमध्ये शिरलेल्या ऑइलाचा होता, काही जादा भरलेल्या ऑइलाचा. वायर पुन्हा काढून, या वेळी योग्य बाजूने यंत्र कलंडवून, थोडे ऑइल काढून घेतले. त्यानंतर मात्र थोडे ओतायचे, दोन मिनिटे थांबायचे, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवायची, असे करत पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आणली. डिपस्टिक फिरवून घट्ट बसवून मोजायचे की नुसती टेकवून, हे यंत्रागणिक बदलते. माझ्या यंत्रात ती घट्ट बसवावी लागते.

काढलेले काळे ऑइल गटारात किंवा मातीत ओतता येत नाही. ते झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या ठिकाणी दिले. यंत्र ढकलायच्या मुठीवर आता एक पट्टी चिकटवली आहे आणि तीवर बदलाची तारीख लिहिली आहे.