रंग जसा आहे तसा : आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमचा स्टुडिओ २०१२ साली पुण्याच्या नारायण पेठेतील दोन खोल्यांमध्ये सुरू झाला. त्याचा पाया मात्र त्याआधीच, मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असताना, कसबा पेठेतील तांबट आळीत घातला गेला होता. २००८ मध्ये शिकवण्यांच्या पैशांतून मी एक वापरलेला निकॉन डी-४० विकत घेतला. सहा मेगापिक्सेलचा आणि तीनच फोकस बिंदू असलेला तो कॅमेरा तेव्हाही नवशिक्यांचाच समजला जात असे. त्याच्यासाठी ५० मिलिमीटरची एफ/१.८ ची एक जुनी लेन्स मिळाली; परंतु डी-४० मध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे त्या लेन्सचे कडे हाताने फिरवावे लागे आणि दृश्य स्पष्ट झाल्याची खूण म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका स्थिरावण्याची वाट पाहावी लागे. त्या सक्तीमुळे चित्रातील नेमकी कोणती गोष्ट स्पष्ट हवी आहे, हे बटण दाबण्यापूर्वी ठरवण्याची सवय मला लागली.

तांबट आळीतील कारखाने आतून काळोखे असतात. दारातून उन्हाचा पट्टा आत येतो, खोलवर भट्टीचा तांबूस उजेड असतो आणि मधोमध मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचे काम, चालू असलेले घंगाळ नाहीतर बंब. कॅमेऱ्याला एकाच चित्रात सांभाळता येणार नाही इतका हा उजेड-अंधाराचा फरक असतो. मी सुरुवातीला काढलेल्या छायाचित्रांमध्ये भांड्यावर पांढरे, कोरे डाग पडत आणि मागचा कारागीर अंधारात बुडून जाई. चकाकणाऱ्या धातूला स्वतःचे असे रूप फार थोडे असते. भोवताली जे आहे तेच तो दाखवतो. म्हणून भांड्यावर नव्हे, तर भांड्याच्या आजूबाजूला प्रकाश द्यायचा असतो, हे समजायला मला सहा-सात महिने लागले. पुढे मी अप्पा बळवंत चौकातून पांढरे कार्डशीट आणि बटर पेपर घेऊन जाऊ लागले. दाराशी बटर पेपर ताणला की ऊन मऊ होई, दुसऱ्या बाजूला कार्डशीट उभे केले की भांड्याचा घाट उठून दिसे आणि ठोक्यांची प्रत्येक खळगी वेगळी मोजता येई.

एकदा मी तेथील एका वयस्कर कारागिराला छापलेली छायाचित्रे दाखवायला नेली. फोटोशॉपमध्ये मी तांब्याचा रंग चांगलाच भडक केला होता. त्यांनी चित्र उजेडात धरले, शेजारचा हंडा पाहिला आणि म्हणाले, “पोरी, हे तांबं आमचं नव्हे.” मला वाईट वाटले, परंतु त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. मी रंग सुंदर केला होता. खरा केला नव्हता. त्यानंतर मी संपादनाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. उजेडाची छटा केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. हॅलोजनचा उजेड सुमारे ३२०० केल्व्हिनचा, तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्व्हिनचा असतो. आपला डोळा हा फरक नकळत भरून काढतो, कॅमेऱ्याला तो सांगावा लागतो. त्यासाठी १८ टक्के प्रकाश परत टाकणारे करडे कार्ड चित्रात एकदा धरायचे आणि संगणकावर त्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे असा रंगांचा तोल, बसवायचा. ही साधी युक्ती मी ऐकली होती, पण तिची गरज मला तांब्याने पटवून दिली.

तरीही एक मोठी चूक व्हायची राहिली होती. २०१० मध्ये ओळखीतल्या एका कुटुंबाने मुंजीचे काम विश्वासाने मला दिले. मांडवाचे कापड हिरवे होते आणि व्हिडिओवाल्यांचे हॅलोजन दिवे एका बाजूने लावलेले होते. कार्डावर जास्त छायाचित्रे मावावीत म्हणून मी सर्व चित्रे जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने आक्रसून लहान केलेल्या फाइलमध्ये, घेतली. घरी येऊन पाहते तो बटूचा अर्धा चेहरा नारिंगी आणि अर्धा हिरवट. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर त्या कॅमेऱ्याच्या बारा बिटांच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरवरील मूळ नोंदीत, ४०९६. पायऱ्या कमी असल्या की थोडेसे ओढताच रंग फाटतो. शिवाय पिवळ्या दिव्यात लाल रंग सर्वांत आधी कोरा होतो, आणि मी मात्र तिन्ही रंगांचा एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख, पाहून निर्धास्त राहिले होते. चित्राचा ठरावीक भागच बदलू देणारे मास्क आणि उजेड व रंग कमी-जास्त करणारे कर्व्हज् वापरून मी आठ दिवस झगडले. मातृभोजनाची काही चित्रे तरीही सुधारली नाहीत. मी निम्मे पैसे परत केले आणि त्या दिवसापासून एकही समारंभ जेपेगवर काढला नाही.

स्टुडिओ सुरू केल्यावर पहिली दोन वर्षे पासपोर्ट फोटो आणि दुकानांच्या मालाची छायाचित्रे यांवर निघाली. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे काम मात्र ओळखीतून मिळत गेले आणि आजही तेच आमचे सर्वांत आवडते काम आहे. या काळात झालेला मुख्य खर्च कॅमेऱ्याचा नव्हे, तर मॉनिटर कॅलिब्रेट करण्याच्या, म्हणजे पडद्यावरचे रंग आणि उजेड अचूक जुळवण्याच्या, उपकरणाचा होता. लॅपटॉपचा पडदा फार उजळ ठेवल्यामुळे आमचा एक संपूर्ण अल्बम काळपट छापून आला होता आणि तो स्वखर्चाने पुन्हा छापावा लागला होता. कोणत्याही नव्या छायाचित्रकाराने दुसरी लेन्स घेण्याआधी हे उपकरण घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

लग्नाची कामे येऊ लागली तेव्हा आणखी एक प्रश्न उभा राहिला आणि त्याबाबत आम्ही घेतलेल्या भूमिकेमुळे काही कामे हातची गेली. “मुलीला जरा उजळ करा” ही विनंती आम्ही असंख्य वेळा ऐकली आहे. तंत्राच्या दृष्टीने ते दोन मिनिटांचे काम आहे. मात्र सावळ्या त्वचेत ज्या उबदार छटा असतात, हळदीच्या दिवशी गालावर जो सोनेरी भाव येतो, तो उजळपणाच्या नावाखाली पहिल्यांदा नाहीसा होतो आणि चेहरा पीठ लावल्यासारखा सपाट दिसतो. आम्ही त्या दिवशी आलेली पुटकुळी काढतो, डोळ्यांखालची जागरणाची सावली हलकी करतो. तीळ, व्रण आणि त्वचेचा रंग यांना हात लावत नाही. हे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगतो. काही कुटुंबे उठून गेली. एका नवरीने मात्र आईवडिलांच्या देखत सांगितले, “मला मी दिसायला हवी,” आणि तिच्या दोन्ही बहिणींची लग्नेही पुढे आमच्याकडे आली.

आता आम्ही चौघे आहोत. अल्बम छापायला देण्यापूर्वी आम्ही वधूला तिची पैठणी घेऊन स्टुडिओत येण्याची विनंती करतो. धूपछाव विणीचा रंग कोन बदलला की बदलतो आणि मोरपंखीतील काही तेजस्वी छटा एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांसाठी ठरलेल्या प्रमाणित रंगसंचाच्या, मर्यादेत बसतच नाहीत, त्यामुळे कोठे तडजोड करायची हे एकट्याने ठरवणे आम्हाला योग्य वाटत नाही. खिडकीपाशी टेबलावर पदर पसरला जातो, शेजारी नमुन्याचे छापील पान ठेवले जाते आणि नवरी मान हलवेपर्यंत पान पुन्हा छापले जाते.