चोवीस अंक आणि एक वार्षिक

आम्ही जुन्या कॉमिक्सचे अंक एकत्र करून पुन्हा छापतो. टेबलावर दोन प्रस्ताव होते आणि छपाईच्या वेळापत्रकात जागा एकाच जाड खंडाची. दोन्ही १९८०च्या दशकातले सुपरहिरो रन, म्हणजे एखाद्या मालिकेवर एकाच लेखकाने किंवा चित्रकाराने सलग केलेले अंक. एक ६१ अंकांचा, नामवंत लेखकाचा, वाचकांच्या मागणीत कायम वरच्या क्रमांकावर. दुसरा अवघ्या २४ अंकांचा, पण लेखक आणि चित्रकार पहिल्या अंकापासून शेवटच्यापर्यंत तेच. दोन्हींची घोषणा व्हायची आहे, म्हणून नावं लिहीत नाही.

निवडीच्या दिवशी आम्ही आठवणीवर विसंबत नाही, अंक क्रमाने समोर घेऊन वाचतो. महिन्याला एक अंक वाचताना खपून गेलेली पुनरुक्ती सलग वाचनात लगेच टोचते. प्रत्येक अंकात नायकाची शक्ती नव्याने समजावून सांगणं ही त्या काळाची रीतच होती, ते चालतं. चालत नाही ते सुरू केलेलं कथानक मध्येच सोडून देणं.

खरा प्रश्न असतो रन सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे. अंकांचे आकडे इथे फसवतात. वॉल्टर सिमन्सनचं ‘थॉर’ ३३७ ते ३८२ असं म्हटलं जातं, पण ३५६ आणि ३७० हे दोन अंक त्याने लिहिलेले नाहीत. २०११च्या ओम्निबसमध्ये, म्हणजे जाड संकलित खंडात, ते वगळले आणि ‘बाल्डर द ब्रेव्ह’ या जोडमालिकेचे चार अंक घेतले, माझ्या मते अगदी योग्य निर्णय. फ्रँक मिलर ‘डेअरडेव्हिल’वर १५८व्या अंकापासून चित्रकार म्हणून आहे, लेखक म्हणून मात्र १६८पासून. खंडाची सुरुवात कुठून करायची, यावर दोन जाणकार मनापासून वाद घालू शकतात.

६१ अंकांचा रन इथेच अडला. एका खंडात तो मावणार नव्हता, आणि दोन खंड करायचे तर पहिल्याचा शेवट वाचकाला पुरा वाटला पाहिजे, कारण पहिला विकला गेला नाही तर दुसरा निघतच नाही. मधोमध तसा थांबा नव्हता. शिवाय उत्तरार्ध इतर मालिकांत गुंतलेला. १९८९ची ‘जेनस डायरेक्टिव्ह’ ही कथा घ्या: ११ भाग, पाच मालिकांत विखुरलेले, त्यांतले ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये फक्त चार. तेवढेच चार छापले तर वाचकाच्या हाती अर्धवट गोष्ट येते. आमच्या प्रस्तावात तसेच सात परके अंक लागत होते आणि ते यादीत नव्हते.

मग २४ अंकांचा गठ्ठा उघडला. तेरा अंक सरळ गेले. चौदाव्याच्या पहिल्याच चौकटीत खलनायकाची प्रयोगशाळा जळून खाक झालेली आणि नायकाच्या सोबत्याचा हात प्लास्टरमध्ये. हे कधी घडलं? मागे उलटून पाहिलं, कुठेच नाही. चौकटीच्या तळाशी तारांकित टीप होती: यंदाचा वार्षिक अंक पाहा. वार्षिकाचा चित्रकार वेगळा, म्हणून प्रस्ताव करणाऱ्याने तो गाळला होता. या तळटिपा आधी एकत्र लिहून काढाव्यात. रनचा खरा नकाशा त्यांतच असतो.

वार्षिक मागवून वाचला. तो नसता तर खंडाला मधोमध भगदाड पडलं असतं. त्यात एक पाहुणं पात्र होतं, त्यामुळे हक्क लगेच तपासले. पात्र एखाद्या खेळणी कंपनीचं निघालं तर काम वर्षानुवर्षं अडतं. पार्कर ब्रदर्सच्या खेळण्यावरून आलेल्या ‘रॉम’चे ७५ अंक आणि चार वार्षिकं १९७९ ते १९८६मध्ये निघाली, ओम्निबस यायला २०२४ उजाडलं. आमचा पाहुणा सुदैवाने घरचाच होता.

आता पानांचं गणित. अंकात २२ पानं कथा, एक मुखपृष्ठ: २३. चोवीस अंकांची ५५२, सुरुवातीची ८ मिळून ५६०, म्हणजे १६ पानी ३५ फर्मे (एक ताव दुमडून होणारे पानांचे गठ्ठे) नेमके. वार्षिकाची ४० मिळवली की ६००, म्हणजे साडेसदतीस फर्मे. ३८ फर्म्यांची ६०८ धरली, आठ पानं हाती राहिली.

ती लागणारच होती. जोडपानाचं, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र डाव्या, म्हणजे सम पानावर सुरू व्हावं लागतं. मूळ अंकात जाहिराती ते जुळवून देत; त्या काढल्या की सगळं सरकतं. शिवाय २३ हा आकडा विषम, म्हणून प्रत्येक अंकाची सुरुवात आळीपाळीने डावी-उजवी होते. एकोणिसाव्या अंकात दोन जोडपानं होती, एक कथेच्या २-३वर आणि दुसरं १५-१६वर. त्याचं मुखपृष्ठ खंडाच्या ४६३व्या पानावर आलं की पहिलं तुटतं. एक पान आधी घातलं की पहिलं जुळतं आणि दुसरं तुटतं. पुढून कितीही सरकवा, दोन्ही जमत नाहीत.

तासभर कागदी नमुना उलटसुलट केल्यावर मार्ग सापडला. नवव्या पानावर प्रकरण संपतं आणि शेवटची चौकट काळी आहे. तिच्यानंतर एक पूर्ण काळं पान घातलं. कथेचा श्वास तिथेच थांबतो, त्यामुळे ते ठिगळ वाटत नाही. एकोणिसाव्याच्या मुखपृष्ठाआधी लागणाऱ्या पानाच्या जागी अठराव्या अंकाचं पत्रव्यवहाराचं पान टाकलं, पत्रलेखकांचे पत्ते झाकून.

छपाईच्या मूळ फिल्म २२ अंकांच्या मिळाल्या. दोन अंक आणि वार्षिक यांसाठी छापील प्रतच स्कॅन करावी लागेल. तिथे काळजी अशी की छापील ठिपक्यांवर नवे ठिपके बसले की जाळीदार नक्षी उमटते, आणि ती घालवायला चित्र मऊ केलं तर शाईची रेघ पुसट होते. म्हणून काळी रेघ १२०० डीपीआयवर वेगळी काढायची आणि रंग खाली नव्याने भरायचे. कागद मॅट. पिवळट न्यूजप्रिंटसाठी ठरवलेले रंग चकचकीत पांढऱ्या कागदावर भडक दिसतात, आणि या चित्रकाराच्या सावल्या त्यात मरतात. बांधणी शिवलेलीच, नुसत्या गोंदाच्या बांधणीत इतका जाड खंड सपाट उघडत नाही आणि जोडपानाचा मधला भाग घळीत जातो.

संध्याकाळी २४ अंकांचा खंड मंजूर झाला, यादीत वार्षिक तेराव्या आणि चौदाव्या अंकांच्या मध्ये. उरलेल्या सहा पानांवर चित्रकाराची बिनरंगाची मूळ पानं जातील. मोठ्या रनच्या प्रस्तावावर सात परक्या अंकांची यादी जोडून तो पुढच्या बैठकीसाठी परत पाठवला.