रात्री किती वेळा उठता?

बोत्सवानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानात सावुती नावाची जागा आहे. तिथल्या कॅम्पसाइटला कुंपण नाही. हे मी पुण्यात ब्रीफिंगला सांगतो, लोक माना डोलावतात, आणि तिथे उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न येतो, "कुंपण कुठंय?" बंदोबस्त आहे तो फक्त संडास-बाथरूमला, आणि तोही माणसांसाठी नाही. पाण्यासाठी हत्ती नळच उपटायचे, म्हणून त्या इमारतीभोवती जाडजूड भिंत घातली आहे. सावुतीचा प्रवाह 1982 नंतर कित्येक वर्षं कोरडा पडला होता. तिथला हत्ती पाण्याचा पाइप ओळखणारच.

मी टूर मॅनेजर. नामिबियाची राजधानी विंडहुक, तिथून निघायचं, इटोशाचं अभयारण्य, कप्रिवीची पट्टी, मग सरहद्द ओलांडून चोबे असं करत रस्त्याने व्हिक्टोरिया फॉल्स गाठायचा. मोठा ओव्हरलँड ट्रक चोबेच्या वेशीवरच्या कासाने गावात ठेवून आम्ही सावुतीला उघड्या लँड क्रूझरमधून जातो, कारण काचिकाऊला डांबर संपलं की पुढे नुसती वाळू. टायरमधली हवा उतरवायची आणि गाडी रेटायची. बाकी दिवसभराचं काम म्हणजे तंबू, स्वयंपाक, भांडी. भांडी पुसायला फडकं वापरत नाही. फडक्यातून एकाचं पोट दुसऱ्याला लागतं. ताटं हातात धरून हवेत हलवून वाळवायची. बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर रांगेत उभे राहून ताटं हलवतात, ते बघण्यासारखं असतं.

तंबू लावण्यात मात्र आमच्या गाईडचा हात धरणारा कोणी नाही. तो त्स्वाना माणूस आधी पंधरा मिनिटं नुसता जमिनीकडे बघत फिरतो. हत्तींची पायवाट कुठून जाते, तरसाचे ठसे ताजे की कालचे, कुठल्या झाडाच्या शेंगा पडल्यात. मग अर्धगोलात तंबू, एकमेकांना लागून, दारं आतल्या बाजूला, गाड्या बाहेरून आडव्या. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, तरस पळवतं. तंबूत खाण्याची वस्तू नाही, म्हणजे चिक्की नाही, लाडू नाही, संत्रं तर अजिबात नाही. ही झडती मी स्वतः घेतो आणि दरवेळी कोणाच्या तरी उशीखाली काहीतरी सापडतंच.

शेवटची सूचना पुरुषांना मी वेगळी घेऊन देतो, बायकांना माझी सहकारी देते. रात्री झोपताना रुंद तोंडाची रिकामी बाटली किंवा झाकणाचा डबा जवळ ठेवा. संडासापर्यंत रात्री कोणीही चालत जायचं नाही. अगदीच वेळ आली तर आधी कानोसा घ्यायचा, टॉर्च गोल फिरवायचा, आणि तंबूला पाठ लावून उरकायचं. टॉर्चमध्ये सिंहाचे, तरसाचे डोळे चमकतात. हत्तीच्या बाबतीत आमचा टॉर्चवर भरवसा नाही. आपण प्रकाश टाकतो आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, तिथे त्याचा पाय असतो आणि तो झाडाच्या बुंध्यासारखाच दिसतो. चालतानाही आवाज नाही, तळव्याला चरबीची गादी.

या ग्रुपमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते, सोबत काकू. काका नियमाचे पक्के. नामिबियातून बोत्सवानात शिरताना न्गोमाच्या सरहद्दीवर लाळ्या-खुरकुतासाठी बुटांचे तळवे औषधात बुडवावे लागतात. लोक पायातले बूट टेकवून निघून जात होते. काकांनी बॅगेतली चप्पलसुद्धा काढून बुडवली आणि बाकीच्यांना चार शब्द सुनावले. अशा माणसाने बाटलीवर अडून बसावं?

"मी काय ॲडमिट आहे का? हरिश्चंद्रगडावर उघड्यावर झोपलोय मी."

"काका, हरिश्चंद्रगडावर हत्ती नाहीत."

"माझी मला काळजी आहे," म्हणाले आणि विषय संपवला. बाटली मी गुपचूप काकूंकडे दिली.

सावुतीतली दुसरी रात्र. ऑगस्टातली थंडी, स्लीपिंग बॅगमधून नाकसुद्धा बाहेर काढवत नव्हतं. दोन वाजून गेले असतील. आधी टप टप असा आवाज, मग काहीतरी मोठं घासल्याचा. आमच्या डोक्यावर कॅमलथॉर्नचं झाड होतं, आपल्या बाभळीच्या गोतातलं. त्याच्या करड्या, कानाच्या आकाराच्या शेंगा हत्तींना फार आवडतात. खोडाला डोकं लावून झाड हलवायचं आणि पडलेलं सोंडेने एकेक उचलून खायचं. माझ्या तंबूच्या कापडावर शेंगा पडत होत्या. जाळीतून पाहिलं तर समोर चांदणं दिसेना, नुसता काळा आडोसा. नर, एकटा. काकांच्या दारापासून दोन-तीन पावलांवर.

आणि काकांच्या तंबूची चेन सरकली.

त्या शांततेत चेनचा आवाज किती मोठा असतो ते तिथेच कळतं. चघळणं थांबलं. गाईडचा आवाज आला, हळू, पण जरब असलेला, "बंद करा." मी मराठीत म्हणालो, "काका, चेन लावा. हलू नका."

"अरे दोनच मिनिटं."

"काका, दारात हत्ती उभा आहे."

चेन परत वर गेली, बोटाबोटाने. मग बराच वेळ काही नाही. हत्तीने पुन्हा चघळायला सुरुवात केली. त्याची गुरगुर जमिनीतून पाठीला जाणवत होती. काकांच्या तंबूतून कण्हल्यासारखा श्वास येत होता. प्रोस्टेट आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, हे मला काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मग काकूंचा आवाज, अगदी रोजच्यासारखा, "अहो, ही घ्या. इकडे तोंड करा." आणि त्यानंतरचा आवाज सगळ्या कॅम्पने ऐकला. सगळे जागे होते. पलीकडच्या तंबूतून कोणीतरी खिदळलं.

हत्ती आणखी अर्धा-पाऊण तास होता. शेंगा संपल्या तसा दोन तंबूंच्या मधून एकही दोरी न अडखळता निघून गेला. सकाळी गाईडने लोकांना त्या मधल्या जागेत उमटलेले ठसे दाखवले. मीही फोटो काढला.

काका चहाला आले नाहीत. त्या तटबंदीच्या बाथरूममध्ये जाऊन स्वतः बाटली धुऊन आले. गाडीत दोघा-तिघांनी विनोद केले, एकाने तर 'गजराज आणि गंगा' असं काहीतरी ग्रुपवर टाकलं. मी ते काढायला लावलं. पन्नाशीतली शिकलेली माणसं, सगळ्यांनाच आज ना उद्या या वाटेने जायचंय, पण खिदळायची हौस भारी. त्या दिवशी आम्हाला सिंहिणी आणि बछडे अगदी जवळून दिसले. काकांनी कॅमेरा बॅगेतून काढला नाही. कोणी 'काका, बघा बघा' म्हणालं की मान तेवढी वळवायचे.

गाईडचं म्हणणं सरळ होतं. तो नर रोजचाच, माणसांना सरावलेला. म्हातारा बाहेर आला असता तर कदाचित हत्तीच दोन पावलं मागे सरकला असता. कदाचित. पण दचकलेल्या हत्तीची हमी तो देत नाही, आणि मीही देणार नाही. एवढ्यापुरतं माझं मन स्वच्छ आहे. माझं घोडं अडतं ते मेडिकल फॉर्मपाशी. त्यात डायबेटिस आहे, बीपी आहे, हृदयाचं ऑपरेशन आहे, शेंगदाण्याची ॲलर्जीसुद्धा आहे. रात्री किती वेळा उठता, हा रकाना नाही. माहितीपत्रकात मात्र 'तंबूत मुक्काम' आणि 'सव्वा लाखाहून जास्त हत्तींचा देश' ही दोन वाक्यं एकाखाली एक छापलेली आहेत.

परत आल्यावर मी ऑफिसात विषय काढला. "असं विचारलं तर साठीच्या पुढचं बुकिंग कोण करेल?" हे उत्तर मिळालं. त्यात खोटं काही नाही. एवढ्या लांबच्या टूरला पैसे आणि वेळ दोन्ही त्यांच्याचकडे असतात. काकूंनाही मी विचारलं होतं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "फॉर्म त्यांनी भरला. मी म्हटलं असतं तर आम्ही आलोच नसतो. मला यायचं होतं."

याला काय उत्तर द्यायचं?

आता बुकिंग झालं की मी स्वतः फोन करून विचारतो. पुरुष बहुतेक 'एकदा' म्हणतात, मागून बायको 'तीनदा' म्हणते. मग मी पर्याय सांगतो, सावुतीचे दोन दिवस कासानेच्या लॉजवर राहा, संडास खोलीतच आहे, चोबे नदीवर बोटीतून हत्ती दिसतात ते वेगळेच. काही जण ऐकतात. एका गृहस्थांनी रागाने टूरच रद्द केली आणि ते बुकिंग माझ्या नावावरून गेलं. साहेबांचं म्हणणं, बाटलीचा विषय कासानेला पोचल्यावरच काढायचा. मी अजून तरी ऐकलेलं नाही.