तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी

अमळनेरला मी वेब प्रोग्रॅमिंगचे वर्ग घेतो. प्रकल्पांचे दिवस आले की शिकवणे मागे पडते आणि मुलांच्या लॅपटॉपवरच्या चुका शोधण्यात संध्याकाळ जाते. यंदाचे एक प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

रावेरकडच्या एका विद्यार्थिनीने केळीची कापणी, क्विंटलचा भाव आणि व्यापाऱ्याकडची बाकी यांची नोंदवही पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंगच्या भाषेत केली होती. तक्त्यांची मांडणी इतकी नेटकी होती की मला अभिमान वाटला. नव्या लॅपटॉपवर पीएचपी ८ असलेले झॅम्प (लॅपटॉपवरच पीएचपी आणि डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर) टाकताच पहिल्याच पानावर ‘मायएस्क्यूएल_कनेक्ट’ हे डेटाबेसशी जोडणी करणारे फंक्शनच नसल्याचा संदेश आला. वर्षानुवर्षे झेरॉक्स होत आलेल्या टिपणांतून तिने ते घेतले होते. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपीच्या ७.० आवृत्तीतून अशा जुन्या मायएस्क्यूएल फंक्शनांचा संच काढून टाकला गेला, आणि तो असलेल्या आधीच्या ५.६ आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणेही २०१८ अखेर थांबले. टिपणे न बदलणाऱ्यांना मी दोष देतो, मुलांना नाही.

‘‘सर, मैत्रिणीकडे पेनड्राइव्हवर जुने झॅम्प आहे, तेच टाकू का? उद्याच परीक्षा आहे, आणि प्रयोगशाळेतही ५.६ च आहे.’’

मी नको म्हणालो. मायएस्क्यूएलआय हा त्याच कामाचा नवा संच ५.६ आणि ८ दोन्हीकडे चालतो, म्हणून आम्ही तोच घेतला. नावापुढे नुसता ‘आय’ जोडून भागत नाही. ‘मायएस्क्यूएलआय_क्वेरी’ला आधी जोडणीचे चल (व्हेरिएबल) द्यावे लागते, मग डेटाबेसला विचारायचा प्रश्न. शेतकऱ्याचे नाव थेट त्या प्रश्नाच्या वाक्यात चिकटवण्याऐवजी प्रिपेअर्ड स्टेटमेंट लिहिले, म्हणजे नावाची जागा मोकळी ठेवून नाव वेगळे पाठवले. मूल्य नसेल तर पर्यायी मूल्य घेणारी दोन प्रश्नचिन्हांची (??) सोयीची खूण टाळून, मूल्य आहे का हे तपासणारे ‘इसेट’ वापरले, कारण ती खूण ७.० पासूनची आहे आणि ५.६ वर तिच्यामुळे अख्खी फाइलच बंद पडते. रात्री उशिरा दोन्ही आवृत्त्यांवर बेरजा जुळल्या.

परीक्षकांनी तिला टिपणांप्रमाणे का लिहिले नाही असे विचारले. तिने कारण नीट सांगितले आणि ती उत्तीर्ण झाली.

आता पहिल्याच तासाला मी मुलांना पीएचपीच्या अधिकृत संकेतस्थळावरचा आवृत्त्यांचा तक्ता दाखवतो: सध्याच्या धोरणानुसार प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षे सगळ्या दुरुस्त्या आणि पुढची दोन वर्षे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, तेव्हा पहिल्या टप्प्यातली निवडा. पण ज्या मुलाकडे स्वतःचा लॅपटॉपच नाही आणि ज्याचा सगळा सराव प्रयोगशाळेतल्या ५.६ वरच होतो, त्याला हा तक्ता दाखवून मी नेमके काय निवडायला सांगतो आहे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.