पाऊस आला की नेट जातं: लाल दिव्याचा माग काढताना

पाऊस आला की नेट जाणारच, हे आमच्या इमारतीत सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. लिफ्टमध्ये भेटणारे काका म्हणायचे, "अहो, घोडबंदरला हे असंच. खाली मेट्रोची खोदाई, वरून पाऊस, केबल टिकणार कशी?" कॉल सेंटरवरची मुलगी म्हणायची, "मॅडम, तुमच्या एरियात पावसामुळे इश्यू आहे." मला ते पटत नव्हतं. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो, आणि चांगल्या आवरणातल्या काचेवर पाणी पडलं म्हणून आतला प्रकाश विझत नाही. जुन्या तांब्याच्या फोनच्या वायरीत पाणी शिरलं की खरखर व्हायची, ती गोष्ट वेगळी. शिवाय आमच्याकडे एखादी मध्यम सर आली तरी नेट गुल, आणि कधी रात्रभर कोसळला तरी ढिम्म काही नाही. खोदाईत केबल तुटली असती तर सर थांबल्यावर ती आपोआप जोडली गेली नसती.

मी ठाण्यात, घोडबंदर रोडवर मानपाड्याला राहते. विम्याच्या क्लेमचं काम घरून करते, दिवसभर व्हीपीएनवर, म्हणजे ऑफिसच्या सुरक्षित जोडणीवर. मधेच नेट गेलं की नुसतं थांबावं लागत नाही, अर्धवट भरलेला क्लेम जातो आणि पुन्हा पहिल्यापासून लॉगिन. मुलाची बारावी, त्याचे क्लास त्याच नेटवर. त्यामुळे "पावसाळा संपेपर्यंत चालवून घ्या" हा सल्ला आम्हाला परवडणारा नव्हता.

सुरुवात केली ती घरातल्या तक्रारी वेगळ्या करण्यापासून. नवरा, मुलगा, सासूबाई, सगळे एकच म्हणायचे, "वायफाय गेलं." पण वायफाय म्हणजे राउटरपासून मोबाइलपर्यंतचा हवेतला टप्पा. त्याच्या पुढे राउटरपासून कंपनीपर्यंतची फायबर आहे, आणि त्याच्याही पुढे बाहेरचं इंटरनेट. यातला नेमका कुठला टप्पा तुटतोय हे कळेपर्यंत काहीही बदलायचं नाही असं ठरवलं.

त्यासाठी लॅपटॉप लॅन वायरने थेट डब्याला, म्हणजे राउटरला, जोडला आणि वायफाय बंद केलं. नेट गेलं की कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत पहिली कमांड पिंग 192.168.1.1. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं. हा आमच्या राउटरचा पत्ता, तुमच्याकडे 192.168.0.1 वगैरे असू शकतो, डब्याच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. उत्तर आलं तर लॅपटॉप ते राउटर हा रस्ता ठीक. दुसरी कमांड पिंग 8.8.8.8. हा गुगलच्या सार्वजनिक डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता आहे आणि तो आकड्यांत असल्यामुळे नाव शोधण्याची भानगड मधे येत नाही. तिसऱ्यांदा एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग. आकडा चालतो आणि नाव चालत नाही, असं दिसलं तर गडबड डीएनएसची. ऐरोलीला माझ्या मावसबहिणीकडे नेमकं हेच झालं होतं. राउटरमध्ये डीएनएस 1.1.1.1 टाकल्यावर तिचं सुरळीत झालं. आणि लॅपटॉपला 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला तर समजायचं, राउटरने पत्ता दिलेलाच नाही. तिथे वायर किंवा राउटर बघायचा, कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे दर वेळी पहिल्या पिंगला एका मिलिसेकंदात उत्तर यायचं आणि दुसऱ्याला "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". म्हणजे वायफाय निर्दोष. डब्यावर पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, हिरवा दिवा, जो एरवी स्थिर असतो, तो लुकलुकायला लागायचा, आणि थोड्या वेळात एलओएसचा लाल दिवा उघडझाप करायचा. या लाल दिव्याचा अर्थ एवढाच की फायबरमधून पुरेसा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. पॉन हिरवा असून फक्त इंटरनेटचा दिवा गेला असता तर लॉगिन, बिल किंवा कंपनीचा सर्व्हर असा संशय घेतला असता. एलओएस लाल असताना राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, काही होत नाही. आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून रिसेट तर मुळीच करू नका. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं. मग प्रकाश परत आला तरी नेट चालू होत नाही आणि माणूस येईपर्यंत बसून राहावं लागतं.

कंपनीचा मुलगा आला तो लख्ख उन्हाच्या दुपारी. कामाला चोख, बोलायला नम्र. डब्यातून हिरव्या टोकाचा कनेक्टर काढला, पुसला, प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावला. मीटरवर उणे 21. "ताई, सिग्नल एकदम बेस्ट आहे," म्हणाला. तरी त्याने अ‍ॅडॅप्टर बदलला. पुढच्या वेळी दुसरा आला, त्यालाही उणे 21 मिळालं, त्याने अख्खा डबाच बदलला. लाल उजेडाचं पेन लावून वायर तपासली, पण आमची वायर जाड काळ्या आवरणाची, त्यातून बाहेर काही दिसेना. दोघांनीही जाताना ओटीपी मागितला, मी दिला, तिकीट बंद. दोघांचंही मोजमाप खरं होतं. अडचण अशी की बिघाड हजर नसताना ते मोजलेलं होतं. पाऊस चालू असताना माणूस वर चढवत नाहीत, त्यामुळे ज्या वेळी बघायला हवं त्या वेळी बघणारं कुणी नसायचं.

मग शोधलं की तो आकडा आपल्यालाही दिसतो का. दिसतो. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन केलं, स्टेटसमध्ये पॉनची माहिती उघडली, तिथे आरएक्स पॉवर अशी ओळ असते, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. प्रत्येक कंपनीच्या डब्यात तिची जागा थोडी वेगळी. हा आकडा डीबीएम या एककात आणि उणे असतो, म्हणून उणे 20 हे उणे 25 पेक्षा चांगलं. आपल्याकडच्या घरगुती जीपॉन (फायबरचा एक प्रकार) जोडणीत साधारण उणे 27 पर्यंत डबा तग धरतो, त्याहून खाली गेला की कधीही मान टाकतो. तीन डीबी घसरले की प्रकाश निम्मा होतो. उणे 21 वरून उणे 28 म्हणजे प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा उरला.

मुलाच्या जुन्या वहीत नोंदी सुरू केल्या. वेळ, दिवे, आकडा, बाहेर काय चाललंय. वीज गेली होती का, हेही लिहायचे, कारण महावितरणचा झटका आणि फायबरचा बिघाड एकमेकांत मिसळले की काहीच कळत नाही. सासूबाईंनी यात फार मदत केली. मी कॉलवर असले की त्या डब्यासमोर जाऊन सांगायच्या, "लाल झाला बघ." त्यांच्याच एका वाक्याने मला दिशा मिळाली. त्या म्हणाल्या, "येऊरकडून पाऊस आला की जातं गं. समोरून आला तर नाही जात." वही उघडून पाहिलं तर खरंच तसं होतं. रात्रीच्या पावसातही बहुतेक वेळा नेट टिकलेलं होतं. येऊरच्या डोंगराच्या बाजूने झोत आला की आमच्या हॉलमध्ये पाणी येतं. पाणी आलं की आम्ही काय करतो? हॉलच्या स्लायडिंग खिडकीचं डावं दार ओढतो. एरवी ते बारा महिने उघडं, कारण तीच घरातली हवा यायची जागा.

आमची फायबर बाहेरच्या डक्टमधून ग्रिलवर येते आणि त्याच खिडकीच्या खालच्या ट्रॅकमधून, डाव्या कोपऱ्यातून, आत शिरते. जोडणी करताना भोक पाडण्याऐवजी ती तशीच आत घेतली होती आणि वरून पडदा. मी खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रॅकमध्ये काळी चपटी वायर काटकोनात वळलेली, वळणावर आवरण चेपून चकाकत होतं, आणि बाजूच्या धुळीत दाराच्या चाकाची रेघ नेमकी तिथपर्यंत आलेली.

पुढची सर येण्याची वाट पाहण्याचं कारणच नव्हतं. मुलाला लॅपटॉपवर बसवलं, आकड्याचं पान रिफ्रेश करत राहा म्हटलं. दार पूर्ण उघडं: उणे 21.3. अर्धं ओढलं, फरक नाही. चाक कोपऱ्याजवळ आलं, 23 झालं. आणखी दाबलं, 26.8. खटकन बंद केलं आणि मुलगा ओरडला, "आई, लाल!" दार सोडलं, डब्याने थोडा वेळ घेतला आणि पॉन पुन्हा हिरवा. बाहेर कडक ऊन होतं. आम्ही परत परत करून पाहिलं, सासूबाईंनाही करायला लावलं, आणि सगळ्याचा व्हिडिओ घेतला, एका चौकटीत दार आणि दिवा दोन्ही दिसतील असा.

काचेचा तंतू एका मर्यादेपलीकडे वाकवला की प्रकाश आत परावर्तित होत राहण्याऐवजी वळणावर बाहेर गळतो. तरंगलांबी जेवढी जास्त तेवढी ही गळती जास्त. जीपॉनमध्ये कंपनीकडून आपल्याकडे येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून जाणारा 1310 चा, म्हणून वळणाचा पहिला फटका येणाऱ्या प्रकाशाला बसतो. हे दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे कनेक्टर काढून "उजेड येतोय का" म्हणून त्यात डोकावू नका, मुलांना तर अजिबात डोकावू देऊ नका.

आता तक्रार टाकताना "नेट सारखं जातं" असं लिहिलं नाही. लिहिलं: खिडकीच्या ट्रॅकमध्ये फायबर दाबली जाते, दार बंद केल्यावर आरएक्स पॉवर उणे 27 च्या खाली जाते आणि एलओएस लागतो, व्हिडिओ आहे, वायरचा मार्ग बदलून हवा. कॉल सेंटरने पुन्हा राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं, तेव्हा शांतपणे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घेतला. हा नंबर देणं कंपनीला बंधनकारक आहे. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, अशा दोन पायऱ्या आहेत. अपिलाला डॉकेट नंबर लागतो. नुसते फोन करत राहिलं आणि नंबर जपून ठेवले नाहीत तर आपली बाजू कागदावर येतच नाही. मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही.

आलेला मुलगा पहिल्या वेळचाच होता. व्हिडिओ बघून म्हणाला, "ताई, हे आधी दाखवलं असतं तर डबा बदलायचीपण गरज नव्हती." आधी दाखवायला काही हातात नव्हतं, हे त्यालाही मान्य होतं. त्याने चेपलेला भाग कापून टाकला. एसीच्या पाइपसाठी भिंतीत आधीच भोक होतं, त्यातून वायर आत घेतली, नवीन कनेक्टर बसवला आणि उरलेली वायर घट्ट गुंडाळून टेप मारण्याऐवजी ताटाएवढं मोकळं वेटोळं करून डब्यामागे टांगली. भोक सिलिकॉनने बंद केलं. मीटरवर उणे 20.4. या वेळी ओटीपी देण्याआधी मी खिडकीची सगळी दारं बंद करून आकडा पुन्हा बघितला, हलला नाही, मग दिला.

मुलाच्या खोलीतल्या स्लो नेटचं प्रकरण निराळं निघालं, त्याचा पावसाशी संबंध नव्हता. तिथे मोबाइल 2.4 गिगाहर्ट्झवर जोडलेला असायचा, आणि आमच्या मजल्यावरचे बहुतेक राउटर चॅनेल 6 वर ठाण मांडून बसलेले. 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनेल एकमेकांत घुसत नाहीत, म्हणून आमचा 11 वर नेला. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंती पार करेपर्यंत त्याचा जीव जातो. शेवटी त्याच्या टेबलापर्यंत लॅन वायर टाकली, तर स्पीड 100 एमबीपीएसच्या वर जाईना. वायरीत आठ तारा असतात. 100 ला त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एका टोकाच्या प्लगमध्ये तपकिरी तार पुढपर्यंत गेलेलीच नव्हती. स्टेशनजवळच्या दुकानात प्लग नवीन मारून घेतला आणि काम झालं.

त्यानंतर जोराचा पाऊस झाला त्या दुपारी मी खाली उतरून आमच्या विंगच्या ग्रिलांकडे बघत उभी राहिले. आमच्या वरच्या तीनही मजल्यांवर काळी वायर तशीच खिडकीच्या ट्रॅकमधून आत गेलेली आहे. लिफ्टमधल्या काकांच्या घरी जाऊन आकड्याचं पान कसं उघडायचं ते दाखवलं. त्यांचं दार बंद केल्यावर उणे 25.9 आलं, अजून लाल होत नाही, पण फार दूरही नाही. त्यांनी तक्रार टाकली आहे आणि डॉकेट नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. सेक्रेटरींनी कंपनीला पत्र लिहायचं कबूल केलं आहे की पुढच्या जोडण्या डक्टमधून भोक पाडूनच घ्याव्यात. पत्राचा मसुदा मी करून दिला आहे, कमिटीच्या सह्या व्हायच्या आहेत.